नवी ब्रेक रबरं बसवली, तरी ब्रेक नीट का लागत नाही?

तुमची अडचण मला कळली ती अशी. पुढच्या चाकाला व्ही-ब्रेक आहे, म्हणजे दोन उभे दांडे (त्यांनाच ब्रेकचे हात म्हणतात) दोन्ही बाजूंनी रिमवर रबर दाबतात तो; त्याची रबरं झिजली म्हणून तुम्ही घरीच नवी बसवली. आता ब्रेक दाबला की जोरात किंचाळतो, उजवं रबर सतत रिमला घासतं आणि केबल दोनदा ओढून घट्ट केली तरी लिव्हर जवळपास हँडलच्या मुठीला टेकतो. रबरंच वाईट निघाली की सगळा ब्रेक बदलायला हवा, असं तुम्ही विचारलंय.

बहुतेक दोन्ही नाही. मी वीसेक वर्षं सायकली दुरुस्त करतोय आणि घरी रबर बदलल्यानंतर ही तिन्ही दुखणी एकत्र आलेली असंख्य वेळा पाहिली आहेत. रबर चांगलं असतं, ब्रेकही चांगला असतो, चुकलेला असतो तो कामाचा क्रम. केबलला हात लावायचा बाकी सगळं जुळवून झाल्यावर, आणि आपण नेमकी तीच आधी ओढतो. चाक तिरकं बसलंय, ब्रेकचा एक हात अडकतोय, रबर वाकडं लागतंय, असे दोष केबल ओढल्याने थोडा वेळ झाकले जातात. मग ते दुसरीकडून डोकं वर काढतात. तुमच्याकडे आवाज, घासणं आणि सैल लिव्हर एकदम आले ते त्यामुळेच.

काही गोष्टी सायकल पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. रिम ॲल्युमिनियमची आहे की स्टीलची, केबल किती जुनी आहे, लिव्हर व्ही-ब्रेकसाठीच बनवलेला आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. व्ही-ब्रेकला केबल जास्त लांब ओढणारा लिव्हर लागतो. कुणी मध्येच रोड सायकलचा लिव्हर लावला असेल तर तो केबल कमी ओढतो आणि मग कितीही जुळवा, हात पुरेसे हलत नाहीत. पण रबरं बदलण्याआधी ब्रेक व्यवस्थित लागत होता असं तुम्ही म्हणता, म्हणजे लिव्हर बरोबर आहे असं धरून चालतो.

सुरुवात चाकापासून करा. सायकल उलटी न ठेवता दोन्ही चाकांवर उभी करा, पुढच्या चाकाचे नट किंवा क्विक रिलीज सैल करा, हँडलवर वरून थोडा दाब द्या म्हणजे चाकाचा आस चिमट्याच्या (चाक धरणाऱ्या पुढच्या दुहेरी दांड्याच्या) खाचेत दोन्ही बाजूंनी पूर्ण वर बसेल, आणि तसंच धरून पुन्हा घट्ट करा. हे करायला अर्धा मिनिट लागतो. एका बाजूचं रबर घासतंय म्हणून आलेल्या कितीतरी सायकलींचं काम माझ्याकडे इथेच संपलं आहे. चाक काढून बसवताना आस एका बाजूला दोन मिलिमीटर खाली राहिला की वर रिम एका रबराकडे सरकते, आणि माणूस ब्रेकला दोष देत बसतो.

आता चाक उचलून हळू फिरवा आणि नजर रबर व रिमच्या मधल्या फटीवर ठेवा. फट कमी-जास्त होत राहिली, म्हणजे रिम डावी-उजवीकडे डुलते आहे, तर चाक आउट झालेलं आहे. अर्धा-एक मिलिमीटर चालतं. त्याहून जास्त असेल तर आधी चाकाचा आउट काढून घ्या, कारण डुलणाऱ्या रिमला रबर जवळ आणता येत नाही. आणलं तर घासतं, लांब ठेवलं तर लिव्हर मुठीला टेकतो. स्पोक आवळून आउट काढणं हे वेगळं कसब आहे. हात बसलेला नसेल तर ते जाणत्याकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

रिमबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सगळे रबराकडे बघतात आणि रिमकडे कुणीच बघत नाही. रिमब्रेकमध्ये रिम हाच ब्रेकचा अर्धा भाग असतो. रबर ज्या पट्ट्यावर लागतं तिथे बोट फिरवून बघा. बोटाला काळं चिकट लागलं तर ती रबर आणि ॲल्युमिनियमची पूड आहे, तेलाच्या अंशासकट. स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजू पुसा, फडक्याची काळी बाजू बदलत राहा आणि ते स्वच्छ निघेपर्यंत थांबू नका. साखळीला मारायचा तेलाचा स्प्रे चाकाच्या आसपास कधीही मारू नये. मी शिकाऊ असताना एकदा मागच्या ब्रेकच्या खिळीला, म्हणजे ब्रेकचा हात ज्या खुंटीवर फिरतो तिला, तेल दिलं आणि दोन थेंब रिमवर ओघळले, ते पुसायचे राहून गेले. गिऱ्हाईक पहिल्याच उतारावर पाय घासत थांबलं. सुदैवाने लागलं नाही, पण तो दिवस मी विसरलो नाही. तेव्हापासून खिळीला तेल देण्याआधी रिमवर फडकं टाकतो.

रिम पुसून झाली की झीज बघा. बऱ्याच ॲल्युमिनियम रिमवर ब्रेकच्या पट्ट्यात बारीक खाच किंवा छोटे खड्डे दिलेले असतात. ते दिसेनासे झाले की रिम संपली. खूण नसेल तर स्टीलची पट्टी रिमच्या बाजूवर उभी टेकवा. मधे पोकळी दिसली, म्हणजे भिंत खोलगट झाली असेल, तर ती भिंत पातळ झालेली आहे. टायरमधली हवा ती भिंत आतून बाहेर ढकलत असते, आणि फार पातळ झालेली रिम चालत्या सायकलवर फाटू शकते. अशा रिमवर नवी रबरं बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं आणि धोकाही पत्करणं.

आता केबल मोकळी करा. व्ही-ब्रेकला वरच्या बाजूला जी वाकडी धातूची नळी असते, ती दोन्ही हात रिमकडे दाबून तिच्या खोबणीतून काढता येते. नळी निघाली की प्रत्येक हात बोटाने रिमकडे ढकला आणि सोडा. तो स्प्रिंगने टणकन परत यायला हवा. रेंगाळत आला किंवा मध्येच थांबला तर खिळीवर गंज किंवा चिखल बसलाय. बोल्ट काढून हात उतरवा, खिळी पुसून घ्या, ग्रीसचा अगदी पातळ थर द्या आणि परत बसवा. स्प्रिंगचं टोक ज्या भोकात जातं तशी तिथे साधारण तीन भोकं असतात. डाव्या-उजव्या दोन्ही हातांना एकच नंबरचं भोक वापरा, नाहीतर पुढे कितीही जुळवलं तरी एक हात ओढत राहील. बोल्ट मात्र जीव लावून आवळू नका, खिळी फुगली तर चांगला हातही अडकायला लागतो.

हात मोकळे हलत असतील तरच रबराकडे या. रबर जुळवताना मी चार गोष्टी बघतो: उंची, दिशा, वॉशर आणि पुढच्या टोकाचा कल.

उंचीत चूक झाली तर ती सगळ्यात महाग पडते. रबर टायरला जरासुद्धा लागता कामा नये. टायरची बाजू पातळ असते, ब्रेक लागेल तसं रबर ती कापत जातं, आणि एके दिवशी मोठा आवाज होऊन टायर जातो. माझ्याकडे आलेल्या एका सायकलच्या टायरला दोन्ही बाजूंनी ब्लेडने कापल्यासारखी सरळ रेघ होती, आतली ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली होती. मालकाचं म्हणणं होतं टायर हलका निघाला. मी रबर दाबून दाखवलं, ते जेमतेम दीड मिलिमीटर वर होतं. उलट रबर फार खाली असेल तर त्याचा खालचा भाग रिमच्या खाली लोंबतो, तिथे झीज होत नाही आणि कडा तयार होते. ती कडा पुढे रिमखाली अडकते आणि ब्रेक सुटत नाही. व्ही-ब्रेकचे हात खालच्या खिळीवर फिरतात, म्हणून रबर झिजत गेलं की ते रिमवर हळूहळू खाली सरकतं. त्यामुळे नवं रबर मी ब्रेकच्या पट्ट्यात थोडं वरच्या अंगाला लावतो, टायरच्या कडेपासून एखादा मिलिमीटर सोडून.

दिशा चुकली तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. काही रबरं धातूच्या खोबणीत सरकवून बसवायची असतात. या खोबणीचं एक टोक बंद आणि एक उघडं असतं. बंद टोक नेहमी सायकलच्या पुढच्या बाजूला हवं. ब्रेकच्या जागी रिम पुढे धावत असते आणि रबराला आपल्याबरोबर पुढे ओढते. पुढे भिंत असेल तर ती रबराला अडवते, उघडं टोक असेल तर रबर सरळ बाहेर निघून जातं. माझ्याच सायकलला मी घाईत डावं-उजवं उलटं लावलं होतं. रबर अडकवणारी पिन होती, तीही नीट बसली नव्हती. उतारावर जोरात ब्रेक दाबला, लिव्हर एकदम हलका झाला आणि काहीतरी रस्त्यावर उडालं. ते रबर होतं. मागच्या ब्रेकने थांबलो. तेव्हापासून रबर बसवलं की ते पुढच्या बाजूला अंगठ्याने ढकलून बघायची सवय लावून घेतली आहे. रबरावर डावं-उजवं किंवा बाणाची खूण असेल तर ती आधी शोधा.

तुमचा लिव्हर मुठीला टेकतो त्याचं कारण बहुधा वॉशरमध्ये सापडेल. व्ही-ब्रेकच्या रबराच्या दांड्याला वाटीसारखे वॉशर येतात, एक जाड आणि एक पातळ. कुठला आतल्या बाजूला आणि कुठला बाहेर लावायचा, यावर रबर रिमच्या किती जवळ उभं राहील हे ठरतं. नवं रबर जुन्यापेक्षा पातळ असेल आणि आत पातळ वॉशर गेला असेल, तर ते रिमपर्यंत पोचेपर्यंत हात फार आत झुकतात. मग वर केबलची जागा संपते. वाकडी नळी आणि केबल आवळायचा बोल्ट यांच्यामध्ये रबर रिमला टेकलेलं असतानाही साधारण चार सेंटीमीटर अंतर राहायला हवं. ते दोन्ही एकमेकांना भिडले की लिव्हर कितीही ओढा, ब्रेक त्यापुढे लागत नाही. तुमच्या ब्रेकवर रबर टेकवून आधी हेच अंतर बघा. दोन्ही हात जवळजवळ सरळ उभे, एकमेकांना समांतर दिसले पाहिजेत. आत झुकलेले दिसले तर जाड वॉशर आत आणि पातळ बाहेर करा.

आता किंचाळण्याकडे वळू. रबर रिमवर चिकटतं, सुटतं, चिकटतं, सुटतं, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा झालं की ब्रेकचे हात आणि चिमटा थरथरून आवाज करतात. त्यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे रबराचं पुढचं टोक मागच्यापेक्षा आधी टेकेल असं बसवणं. मागे अर्धा ते एक मिलिमीटर फट पुरते. ब्रेक लागला की रिम रबराला पुढे ओढते, हात जरासा पिळला जातो आणि रबर पूर्ण सपाट बसतं.

हे मोजून करायची गरज नाही. जुन्या पोस्टकार्डाच्या जाडीचा कागद एकदा दुमडा आणि रबराच्या मागच्या टोकाखाली, रिम आणि रबर यांच्यामध्ये धरा. रबराचा नट सैल ठेवून एका हाताने ब्रेकचा हात रिमकडे दाबून धरा. रबर आपोआप कागदाला आणि पुढे रिमला टेकून कल घेईल. उंची पुन्हा एकदा बघा आणि मग पाच मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी चावीने) हळूहळू आवळा. आवळताना रबर बोल्टबरोबर फिरायला बघतं, म्हणून ते दुसऱ्या हाताने घट्ट पकडून ठेवा. याच क्षणी बहुतेकांचं काम बिघडतं: जुळवलेलं रबर शेवटच्या पाव फेऱ्यात वर टायरला जाऊन टेकतं आणि लक्षात येत नाही. आवळून झाल्यावर कागद ओढून काढा. तो किंचित अडकत पण न फाटता निघाला तर कल बरोबर आहे. कल फार दिला तर रबर फक्त टोकावर टेकतं आणि लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखा लागतो. तसं झालं तर पातळ कागद घेऊन परत करा.

याउपर आवाज राहिला तर रबराचा चेहरा बघा. जुनी रबरं उन्हाने आणि वयाने वरून कडक आणि चकचकीत होतात. नवीही डब्यात वर्षानुवर्षं पडून कडक झालेली असू शकतात. नखाने दाबून बघा, जराही खोल गेलं नाही तर रबर मेलेलं आहे. चमक असेल तर सपाट जागेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर रबर घासा, वरचा थर निघून खरबरीत काळं दिसेपर्यंत. आवाज खरखरीत, खडे घासल्यासारखा असेल तर कारण वेगळं असतं. रबर उजेडात तिरकं धरा. त्यात चांदीसारखे बारीक ठिपके चमकतील. ते रिमचेच ॲल्युमिनियमचे कण आहेत, वाळूच्या कणांबरोबर रबरात रुतलेले, आणि ते पुढे रिम आणखी खरवडत राहतात. सुईने किंवा दाभणाने एकेक उचकून काढा. वेळ लागतो, डोळ्यांना ताण पडतो, पण रिमचं आयुष्य वाचवणारी इतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही.

एवढं झाल्यावरच केबल. लिव्हरजवळचा गोल स्क्रू, जो हाताने फिरतो, तो आधी पूर्ण आत घ्या आणि मग दोन फेरे बाहेर काढा, म्हणजे नंतर दोन्हीकडे फिरवायला जागा राहते. वाकडी नळी खोबणीत बसवा आणि केबलच्या बाहेरच्या आवरणाची टोकं आपापल्या जागी पूर्ण बसली आहेत ना ते बघा. एखादं टोक अर्धवट बसलं असेल तर पहिल्या जोरदार दाबाला ते आत जातं आणि लिव्हर सैल पडतो. दोन्ही रबरं रिमपासून एक ते दीड मिलिमीटरवर धरून केबल ओढा आणि बोल्ट आवळा. मग लिव्हर दोन्ही हातांनी दहा वेळा जोरात दाबा. नवी केबल या दाबाने बसते, थोडी सैल होते, तेवढी त्या गोल स्क्रूने घ्या. तो बाहेर, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की रबरं रिमच्या जवळ येतात. लिव्हर साधारण एक तृतीयांश दाबल्यावर रबर टेकलं पाहिजे आणि पूर्ण जोर लावला तरी मुठीला टेकता कामा नये.

केबलचा एक जरी धागा तुटलेला दिसला तर केबल बदला, वाट बघू नका. आणि बाहेरचं आवरण बदलाल तर ते ब्रेकचंच घ्या. गिअरच्या आवरणात तारा लांबीने सरळ घातलेल्या असतात, जोराच्या ब्रेकला ते फाटू शकतं. ब्रेकच्या आवरणात तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दाब सोसते.

राहिलं उजवं रबर घासण्याचं. व्ही-ब्रेकच्या प्रत्येक हाताला खाली, खिळीजवळ, बाजूने एक बारीक स्क्रू असतो. तो आत फिरवला की त्या बाजूची स्प्रिंग कडक होते आणि तो हात रिमपासून दूर जातो. तुमचं उजवं घासतंय, तर उजवा स्क्रू पाव फेरा आत घ्या, लिव्हर दोन-तीन वेळा दाबून सोडा आणि मग बघा. दाबून सोडल्याशिवाय हात आपली नवी जागा घेत नाही, म्हणून लोक स्क्रू फिरवतच राहतात. उजवा फार आत गेला असेल तर तो सोडून डावा पाव फेरा बाहेर काढा.

तुमचा क्रम म्हणून एवढाच ध्यानात ठेवा: चाक, रिम, हात, रबर, केबल, आणि शेवटी ते बारीक स्क्रू. मध्येच काही बिघडलं तर पुढे न जाता एक पायरी मागे या.

दुसऱ्या सायकलीला वेगळा ब्रेक असेल तर तिथे फरक पडतो. रोड सायकलच्या एका बोल्टवर बसणाऱ्या कॅलिपर ब्रेकमध्ये मध्य जुळवायला वरचा छोटा स्क्रू असतो किंवा मागचा नट सैल करून सगळा ब्रेक जरासा फिरवावा लागतो. रबर टायरला लागू न देणं, दिशा आणि कल यांचा हिशेब तोच. रिमऐवजी चाकाच्या मध्यावरच्या चकतीला पकडणाऱ्या डिस्क ब्रेकमध्ये मात्र हे काही लागू नाही. तिथे पॅडवर तेल लागलं तर पुसून उपयोग नसतो, ते बदलावेच लागतात. आणि तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकचं चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पॅड एकमेकांवर येऊन बसतात. कार्बनच्या रिमला त्यासाठीचीच रबरं लागतात, साधी चालत नाहीत.

सायकल रस्त्यावर न्यायच्या आधी जागच्या जागी दोन गोष्टी करा. पुढचा ब्रेक पूर्ण दाबून सायकल पुढे ढकला: मागचं चाक उचललं गेलं पाहिजे आणि पुढचं तसूभरही फिरता कामा नये. मग मागचा दाबून ढकला, चाक फरपटत गेलं पाहिजे. त्यानंतर रिकाम्या, सपाट जागेत चालण्याच्या वेगाने पाच-सहा वेळा थांबून बघा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, आणि क्रोमच्या स्टील रिमवर तर पाणी असलं की फारच उशिरा. तुमची रिम तसली असेल तर पावसात पुढचं अंतर दुप्पट धरून चाला आणि ब्रेक आधीपासून हलका दाबून रिम कोरडी करत राहा.

नवी रबरं पहिल्या आठवड्यात रिमच्या आकाराला बसतात आणि फट थोडी वाढते. तेव्हा गोल स्क्रू अर्धा-एक फेरा बाहेर घ्या आणि रबराचा नट अजून घट्ट आहे ना ते बघा. त्यानंतर महिन्यातून एकदा रिम पुसणं, रबरातले कण काढणं आणि रबरावरच्या खाचा किती उरल्या ते बघणं, एवढं पुरतं. खाचा गेल्या की रबर बदला, आतली धातू दिसेपर्यंत थांबू नका. आत्ता मात्र सगळ्यात आधी वाकडी नळी आणि बोल्ट यांच्यातलं ते चार सेंटीमीटरचं अंतर मोजा आणि किती भरलं ते कळवा, म्हणजे वॉशर बदलायचे की नाही ते नक्की सांगता येईल.